आंधीचा घसा

विषाणूचा रंग कोणता, असं मला आजवर एकाच माणसानं विचारलं आहे. नोकरीचा पहिला आठवडा होता. जयपूरच्या जवाहर नगरातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलात, क्वालिटी विभागात मी नुकतीच लागले होते. लिफ्टमध्ये माझ्या शेजारी साठी ओलांडलेली एक बाई उभी होती. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात ओळखपत्राऐवजी गॉगल. तिनं माझं ओळखपत्र वाचलं, आडनावावरून मी मराठी असल्याचं ताडलं आणि कुठली, काय, कधी आलीस यातलं काहीही न विचारता हे विचारलं. मी म्हटलं, बहुधा रंग नसतो. "बहुधा काढून टाक," त्या म्हणाल्या, "नसतोच. पण आत्ता तुझ्या डोळ्यांसमोर कोणता आला?" मी खरं ते सांगितलं, की हिरवा, काटेरी. त्यांना इतका आनंद झाला की त्यांचा मजला येऊन गेला तरी त्या उतरल्या नाहीत.

त्या आमच्याकडच्या मायक्रोबायॉलॉजिस्ट, म्हणजे जंतूंच्या डॉक्टर, आणि हॉस्पिटलमधल्या संसर्ग नियंत्रणाच्या प्रमुख. हॉस्पिटलात मॅडम पुष्कळ होत्या, पण पुढेमागे काही न लावता मॅडम म्हटलं की त्याच. मूळच्या मिरजेच्या. यजमान फौजेत, त्यामुळे अर्धा हिंदुस्थान बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेल्या. शेवटची बदली जयपूरच्या छावणीत झाली, तिथूनच कर्नलसाहेब निवृत्त झाले आणि दोघं इथेच राहिले. इथेच का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बिबट्यासाठी." दर रविवारी सकाळी त्या झालानाच्या जंगलात जात. इतक्या वर्षांत त्यांना बिबट्या एकदाही दिसला नव्हता. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना तो रस्त्यात आडवा बसलेला दिसे, यांना शेपूटसुद्धा नाही. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "मला नाही दिसला म्हणून काय झालं? त्यानं मला बघितलं असेलच की," असं म्हणत आणि पुढच्या रविवारी पुन्हा जात.

मी लातूरची. राजा पार्कातल्या एका खोलीत राहायचे आणि दिवसभर हिंदी बोलून संध्याकाळी जीभ दुखायची. त्यामुळे मॅडमचं मराठी मला माहेरासारखं वाटे, जरी त्यात दर दोन वाक्यांना एक 'मतलब' असला तरी. त्या मला 'अगं' म्हणत आणि सफाईवाल्याला 'भैयाजी'. रागावल्या की मात्र मिरज आणि छावणी एकदमच बाहेर पडायची आणि समोरच्याला नक्की कोणत्या भाषेत बोलणी बसली ते कळायचं नाही.

तर त्या उन्हाळ्यात करोनाचा नवा प्रकार आल्याच्या बातम्या सुरू झाल्या. त्याचं नाव म्हणजे दोन अक्षरं, टिंब, आकडा, पुन्हा टिंब, पुन्हा आकडा. आमच्याकडे कुणी ते घेत नसे, सगळे त्याला 'नया वाला' म्हणत. वरून हुकूम आला की सगळ्या कर्मचाऱ्यांना नव्या प्रकाराची माहिती द्या आणि त्यांना ती झाली याचा पुरावा ठेवा. दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली. मी छान रंगीत स्लाइड बनवल्या, वर्ग घेतले, शेवटी छोटी चाचणी. नर्सेस, टेक्निशियन, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक, झाडून सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी मिरवत मॅडमकडे गेले. त्यांनी ते कागद बघितलेही नाहीत. "सगळ्यांना पैकीच्या पैकी?" म्हणाल्या. "मग काही खरं नाही. चल माझ्याबरोबर."

त्यांचं म्हणणं असं होतं, की माणसाला माहिती विचारली की तो तुमचीच स्लाइड तुम्हाला परत देतो. समजूत विचारावी. समजूत त्याची स्वतःची असते, आणि हात धुवायचा की नाही हे आयत्या वेळी तीच ठरवते. त्यामुळे आजाराबद्दल कुणाला काय ठाऊक आहे यात त्यांना काडीचा रस नव्हता. कुणाला काय वाटतं, यासाठी मात्र त्या कुठल्याही मजल्यावर, कुठल्याही चहाच्या कपासमोर बसायला तयार असत.

त्या दुपारी त्यांच्या मागे फिरताना माझ्या चाचणीचे धिंडवडे निघाले. फार्मसीतला मुख्य माणूस म्हणाला, नया वाला जयपूरच्या उन्हात टिकायचा नाही, तो थंड मुलखातून आलाय. एक्स-रेवाल्या ताईंना दोनदा करोना होऊन गेला होता, म्हणून आता आपलं शरीर 'पक्कं' झालंय अशी त्यांची खात्री होती. एका तरुण डॉक्टरचं म्हणणं, तपासाल तर सापडेल, न तपासलं तर ती साधी सर्दी आहे. आणि आमचे सर्वांत मोठे सर्जन, ज्यांच्यासमोर सगळे जपून बोलायचे, त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून कापराचा वास येत होता. मॅडमनी सरळ विचारलं, कापराची पोटली आहे का. सर्जन लाजले. पत्नीनं बांधून दिलीय, म्हणाले. "गुण येतो?" मॅडमनी अगदी मनापासून विचारलं. सर्जननी जरा विचार केला आणि म्हणाले, घरात शांतता राहते.

या सगळ्यात त्या कुणालाही दुरुस्त करत नव्हत्या. मला राहवेना. मी एकदा मध्ये तोंड घातलं तर त्यांनी माझ्या कोपराला चिमटा काढला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू आत्ता चूक सांगितलीस की तो गप्प होणार, आणि परत कधी खरं बोलणार नाही. अगं, मतलब, आधी फोड कुठे आहे ते तरी बघू दे." दुरुस्ती त्या करत, पण चार दिवसांनी, भलत्याच विषयाच्या मधोमध, समोरच्याला कळूही न देता.

समजुतींच्या या शिकारीतला त्यांचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे दारावरच्या रक्षकाचा. हा रक्षक ताप मोजायची बंदूक येणाऱ्याच्या कपाळाला न लावता मनगटाला लावायचा. मनगट एरवी थंड असतं, बाहेरच्या उन्हातून आलेलं तर तापलेलं, आकडा काहीच्या काहीच यायचा. दुसऱ्या कुणी त्याला झापलं असतं. मॅडम त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. बोलता बोलता कळलं की कपाळाला बंदूक लावली तर स्मरणशक्ती जाते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो बिचारा लोकांचं भलंच करत होता. कुणी सांगितलं? अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनं. त्याला कुणी सांगितलं? कॅन्टीनवाल्यानं. मॅडम त्या अफवेच्या मागे हॉस्पिटलभर दोन दिवस फिरल्या आणि शेवटी तिचा उगम सापडला तो नेत्रविभागात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी चष्मा विसरून गेलेल्या एका पेशंटची थट्टा केली होती की अहो, त्या बंदुकीनं तुमची आठवण उडवली. एवढंच. मॅडमना कोण आनंद झाला. आजार असाच फिरतो, म्हणाल्या, हसत हसत, ओळखीच्या माणसाच्या तोंडून.

हे वाक्य त्यांनीच म्हटलं होतं, आणि त्या दिवशी ते त्यांनाही नीट ऐकू आलं नव्हतं.

डायलिसिस विभाग हा त्यांचा आवडता अड्डा. तिथे कामाला सुमन नावाची एक नर्स होती, दौसाकडची, सडपातळ, कमी बोलणारी, तिच्या गावातून नर्स झालेली पहिलीच मुलगी. पहिल्या लाटेत तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला तेव्हा घरमालकानं तिचं सामान जिन्यात आणून ठेवलं होतं. हे ती स्वतः कधी सांगत नसे, बाकीचे सांगत. दुसरा इरफान, मशीन चालवणारा टेक्निशियन, जो कमी बोलत नसे. आणखी दोन-तीन जणं. या विभागात मास्कची शिस्त अशी की माझ्या तपासणीत त्यांना कायम पहिला नंबर. पेशंटजवळ जाताना कुणाचं नाक उघडं दिसायचं नाही.

आणि दुपारी ही सगळी मंडळी विभागाच्या मागच्या चिमुकल्या खोलीत, एसी लावून, दार बंद करून, मास्क काढून, गुडघ्याला गुडघा लावून एकत्र जेवायची. सगळ्यांचे डबे मधोमध. कुणाच्या डब्यातली कैर-सांगरीची भाजी कुणाच्या पोळीवर. मॅडम आठवड्यातून दोनतीनदा तिथे जेवायला जायच्या आणि जाताना शेंगदाण्याच्या चटणीची बरणी न्यायच्या. 'मराठी वाली लाल चटनी' तिथे इतकी लोकप्रिय होती की बरणी दिसली की इरफान टाळ्या वाजवायचा. मॅडम प्रत्येकाजवळ जाऊन, वाकून, स्वतःच्या हातानं वाढायच्या आणि वाढता वाढता विचारायच्या, बोलो, नये वाले के बारे में क्या लगता है.

एकच पेशंट असा होता ज्याच्यासाठी मास्क खाली यायचा. माटसाब. निवृत्त शाळामास्तर, सगळे त्यांना माटसाबच म्हणत. कानांनी जवळजवळ बहिरे, पण ओठ वाचण्यात पटाईत. मास्क लावून बोललं की त्यांना काही कळायचं नाही आणि ते घाबरे व्हायचे. म्हणून सुमन त्यांच्यापुरता मास्क हनुवटीवर ओढायची, दुखतंय का, पाणी हवं का, एवढं विचारायची आणि पुन्हा वर करायची. ती तसं करायची, इरफानही करायचा, आणि त्यांच्याशी गप्पा मारायला आलेल्या मॅडमही करायच्या. मला हे ठाऊक होतं, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाशी माणसासारखं बोलायला नको का?

मे महिन्याच्या शेवटी एक मोठी आंधी आली. जयपूरला हे नवीन नाही. आभाळ पिवळं होतं, दुपारी दिवे लावावे लागतात, आणि घर कितीही बंद केलं तरी दातांखाली वाळू येते. त्यानंतर आठवडाभर अख्ख्या शहराचा घसा बसतो. त्याला इथे कुणी आजार म्हणत नाही. आंधी का गला, म्हणतात, आणि हळदीचं दूध पितात. मॅडम तर आंधीच्या आधीपासूनच धुळीला शिव्या देत गरम पाण्याच्या चुळा भरत होत्या. कर्नलसाहेबांनाही कणकण होती, तीही उन्हाचीच ठरली. मग सुमनचा घसा गेला. मग इरफान शिंकायला लागला. सगळे म्हणाले, आंधी.

माटसाबांना ताप आला तेव्हा मात्र कुणी आंधी म्हटलं नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली आणि त्याच संध्याकाळी त्यांना दम लागून अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. विभागातल्या सगळ्यांची तपासणी झाली. सुमन पॉझिटिव्ह, इरफान पॉझिटिव्ह. माटसाबांचा मुलगा सुपरिंटेंडेंटांच्या केबिनमध्ये जाऊन ओरडून आला की आमचे वडील घरातून चांगले चालत आले होते. तो काही खोटं बोलत नव्हता.

मग कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं गेलं. त्यात सुमन, मास्क हनुवटीवर, माटसाबांवर वाकलेली. एवढं पुरे झालं. सुपरिंटेंडेंटांनी मला बोलावलं. घसा दुखत असताना तिनं कळवलं नाही आणि वर पेशंटसमोर मास्क काढला, तेव्हा संसर्गाचा स्रोत कोण, ते अहवालात एका ओळीत लिही, म्हणाले. ती ओळ लिहिली की सुमनची नोकरी जाणार हे उघड होतं. नुसती इथली नव्हे. पेशंटला आजार देणारी नर्स म्हणून नाव झालं की जयपुरात तिला दारात कोण उभं करणार? मी टेबलाशी बसले, संगणक उघडला, आणि माझ्याच्यानं ते वाक्य लिहवेना. मी मॅडमना फोन केला.

मॅडम तेव्हा चार दिवसांच्या रजेवरून नुकत्या आल्या होत्या, त्यामुळे विभागाच्या तपासणीत त्या नव्हत्या. आवाज अजून बसलेलाच होता. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे अफवेसारखंच आहे. सुमनला कुणी सांगितलं, मतलब दिलं, ते बघावं लागेल. ती काही उगम नाही." त्यांच्या आवाजात काळजी होती, पण त्याखाली ती जुनी उत्सुकता मला स्पष्ट ऐकू आली. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी त्यांचा थोडा राग आला. इथे एका मुलीचा जीव टांगणीला लागलाय आणि यांना कोडं सुटायला हवं.

सुमन आणि इरफान बरे होऊन कामावर आले त्या दिवशी, भर दुपारी, मॅडमनी सगळ्यांना त्या मागच्या खोलीत बोलावलं. आंधीच्या दिवशी जो जिथे बसला होता त्यानं तिथे बसायचं. तो दिवस सगळ्यांना लख्ख आठवत होता, कारण वीज गेली होती, एसी बंद पडला होता, वाळू येईल म्हणून दारही उघडता येत नव्हतं, आणि त्या उकाड्यात सगळे घामानं निथळत जेवले होते. दार-खिडकी उघडी टाकून, मास्क लावून सगळे आपापल्या जागी बसले. इरफान खिडकीशी. सुमन कोपऱ्यात. बाकीचे भिंतीशी. मी दारात उभी होते. फ्रिजजवळचं एक स्टूल रिकामं राहिलं. तिथून सुमनच्या मांडीला हात लागेल एवढं जवळ.

"इथे कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

मॅडमनी विचारलं, कुणी आज रजेवर आहे का. नाही. दुसऱ्या विभागातलं कुणी जेवायला आलं होतं का. सगळे जमिनीकडे बघायला लागले. मॅडम त्या स्टुलाकडे खरोखरच गोंधळून बघत होत्या. शेवटी इरफान, जो एरवी टाळ्या वाजवायचा, खाली मान घालून हळूच म्हणाला, "मैडम, वो तो आपकी जगह है."

मॅडम जाऊन त्या स्टुलावर बसल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. त्या दिवशी माझा आवाज कसा होता? बैठा हुआ था, मैडम. मी खोकत होते? थोडं. चटणी वाढली का मी? सगळ्यांना. वाकून? हो, वीज नव्हती ना, डबे दिसत नव्हते. सुमन, तेरा गला कब से? आंधी के दो-तीन दिन बाद से. आणि माझा, त्या स्वतःशीच म्हणाल्या, आंधीच्या आधीपासून.

त्या सुमनकडे वळल्या आणि विचारलं की तुझी नोकरी जायची वेळ आली, तरी तू माझं नाव का घेतलं नाहीस. सुमनला प्रश्नच कळला नाही. तिच्या मनात ते आलंच नव्हतं. "आप तो घर की हैं," ती म्हणाली. जसं काही त्यानंतर आणखी बोलायचं काही उरतच नाही.

मला वाटलं मॅडमना समजूत सापडल्याचा आनंद होईल. मोठी होती ती, सगळ्या हॉस्पिटलभर पसरलेली, आणि आमच्या एकाही चाचणीत न आलेली: आजार पेशंटकडून येतो, बाहेरून येतो, दिल्ली-मुंबईहून येतो, आपल्या माणसाकडून येत नाही. त्यांचा चेहरा एकदा उजळलाही. मग त्या चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या, आणि पुसून झाला तरी पुसतच राहिल्या. माझा आधीचा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती.

सुपरिंटेंडेंटांच्या केबिनमध्ये त्या मला घेऊन गेल्या. साहेब ऐकून हबकले. संसर्ग नियंत्रणाची प्रमुखच संसर्गाचा स्रोत, हे कागदावर कसं दिसेल? त्यांनी तडजोड सुचवली, की स्रोत अज्ञात म्हणू, तुमचं नाव कुठे नको, पण सुमननं लक्षणं लपवली म्हणून तिला कामावरून काढू. काहीतरी कारवाई दिसायला हवी.

"तिनं का लपवलं ते मी तिला विचारलंय," मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली, आंधी वाटली, पण थोडी भीतीही होती. मतलब तिला भीती तरी वाटली, साहेब. मला तर शंकासुद्धा आली नाही. आणि शंका येणं हेच माझं काम आहे. काढायचंच असेल तर आधी मला काढा." हे त्या मराठीत बोलल्या. साहेब अजमेरचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता. मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. कळलं, म्हणाले.

मग मॅडमनी मला शेजारी बसवून अहवाल सांगितला. त्यातही त्यांचा स्वभाव गेला नाही. मी 'मॅडमकडूनच' असं लिहिलं तर म्हणाल्या, खात्री कुठे आहे तुला? शक्यता लिही. सुमनपेक्षा माझी शक्यता जास्त, आणि ती का, ते लिही. तसं लिहिलं. सुमन राहिली. ती अजून तिथेच आहे. माटसाबांसारख्यांशी बोलायला मास्क काढण्याऐवजी पाटी-खडू आला, मागच्या खोलीत जेवणाच्या पाळ्या लागल्या, आणि घसा खवखवला की लोक आपण होऊन सांगायला लागले, कारण मॅडमनी सांगितल्यावर आता कुणाला कसली लाज? बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलेले नमुने नव्या प्रकाराचेच निघाले. तो अहवाल इतका उशिरा आला की इरफान म्हणाला, चलो, माल तो ताज़ा था.

पण हे सगळं नंतरचं. अहवाल दिला त्याच दुपारी मॅडम माटसाबांकडे निघाल्या. अतिदक्षता विभागातून त्यांना साध्या खोलीत आणलं होतं, अंगात ताकद नव्हती, पण डोळे तरतरीत होते. मी म्हटलं, त्यांना सांगायची काही गरज आहे का, आजारी माणूस, उगाच मनाला लागेल. मुलगा तर पुन्हा भांडायला येईल. मॅडम म्हणाल्या, येऊ दे.

त्या दारातच थांबल्या. तिथून, लांबूनच, मास्क काढला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत सांगितलं, की माटसाब, तुमचा आजार बहुतेक माझ्याकडून आला. मला समजायला हवं होतं. माफ करा.

माटसाबांनी ओठ नीट वाचले. पुन्हा बोला, अशी खूण केली. मॅडमनी पुन्हा सांगितलं. बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले, "आपसे? पक्का?" पक्कं नाही, पण बहुतेक, मॅडम म्हणाल्या. माटसाब रागावले नाहीत. ते उठून बसायची धडपड करू लागले. त्यांच्या बोलण्यातून कळलं, की घरात सगळ्यांनी सुनेला दोषी धरलं होतं. ती माहेरच्या लग्नाला जाऊन आली होती, तिनंच आणला म्हणून तिचं ताट वेगळं केलं होतं, इकडे भेटायला येऊ देत नव्हते, सासू तिच्याशी बोलत नव्हती. त्यांनी उशीखालून मोबाइल काढला, नंबर लावला आणि तो फोन मॅडमच्या दिशेनं पुढे धरला. "बीनणी को बोल दो," म्हणाले. बीनणी म्हणजे सून.

मी आत जाऊन फोन आणला आणि मॅडमच्या हातात दिला. पलीकडे एका तरुण बाईचा दबलेला आवाज होता. मॅडमनी आपलं नाव, हुद्दा सांगितला आणि तेच सगळं हिंदीत पुन्हा सांगितलं, की तुमच्या सासऱ्यांना आजार तुमच्याकडून झालेला नाही, बहुतेक माझ्याकडून झाला आहे. मग ती बाई घाईघाईनं, कुणीतरी येऊन फोन काढून घेईल अशा आवाजात म्हणाली, "यही बात मेरी सास को बोल देंगी? आप रखना मत, मैं अभी बुला के लाती हूँ."

पलीकडे पावलं पळत गेल्याचा आवाज आला. मॅडम फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून दारात उभ्या राहिल्या.